इंग्रजाला वगळणारा तुंबा

सभ्यता हाच माणसाचा खरा दागिना, असं बियाण्यांच्या दुकानातून निवृत्त झालेल्या बाल्तासार एचेगोयेनचं ठाम मत होतं. हे मत मे महिन्यात बनलं. केबलवाल्याने चुकून इंग्रजी मालिकांची वाहिनी जोडून दिली, तेव्हापासून.

त्या मालिकांत दर आठवड्याला एखाद्या टुमदार गावात खून पडे, आणि पकडला गेलेला खुनीसुद्धा चहाचा कप घेताना आभार मानी. बाल्तासार भारावून गेला. त्याने चिनी मातीची किटली घेतली, लांब दांड्याची छत्री घेतली, आणि मीठ पुढे केलं म्हणून बायकोचे आभार मानले. एर्सिलियाने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

जूनमध्ये घात झाला. बोचास या गोळेफेकीच्या खेळाच्या क्लबात, बाकावर रोज दुपारी येर्बाच्या पाल्याच्या कडू चहाचा तुंबा फिरे. ओव्हिदियो गरम पाणी ओतून एकेकाला तुंबा देई, ज्याने त्याने नळीने ओढून परत करायचा. चाळीस वर्षांचा शिरस्ता. आता मात्र बाल्तासारला पहिल्या फेरीत तेवढा मिळे. पुढच्या सगळ्या फेऱ्यांना तुंबा त्याच्या नाकासमोरून शेजारी बसणाऱ्या रोकेकडे जाई.

जो सर्वांत भला दिसतो त्याच्यावरच संशय घ्यावा, एवढं मालिकांनी शिकवलं होतं. ओव्हिदियो भला होता. शिवाय त्याचा भाऊ माल्विनास बेटांवर इंग्रजांशी लढून एका कानाने बहिरा होऊन आला होता. हेतूही सापडला. आधी बाल्तासारचा तुंबा तोडायचा, मग त्याचं क्लबच्या संघाचं अकरा वर्षांचं कप्तानपद काढून घ्यायचं. रविवारी शेजारच्या गावाशी सामना होता आणि फळ्यावर कप्तानाची जागा कोरी होती.

बाल्तासारने किटली कपाटात लपवली आणि वही काढली. 'ओव्हि. हसला. का?' रोकेने डोळा चोळला, तीही खूण धरली.

शनिवारी तुंबा पुन्हा पुढे सरकला, तेव्हा त्याला राहवेना.

"सरळ सांग, ओव्हिदियो. इंग्रजांच्या मालिका बघतो म्हणून मला वाळीत टाकलंय ना?"

ओव्हिदियोने थर्मास खाली ठेवला. "त्या आम्हीपण बघतो. भाऊ तर इतका आवाज लावतो की चौकापर्यंत खुनी कळतो."

"मग तुंबा?"

"अरे टोणग्या, परत देताना रोज 'आभारी आहे' तूच म्हणतोस. पुरे झालं असेल तरच माणूस तसं म्हणतो, हे तुझ्या आजोबांच्या घोड्यालाही ठाऊक होतं. आम्हाला वाटलं, डॉक्टरने बंद केलं."

"आणि फळ्यावरचं नाव?"

"खडू संपलाय," रोके म्हणाला.

ओव्हिदियोने तुंबा भरून बाल्तासारच्या हातात दिला. त्याने ओठ घट्ट आवळून तो घेतला, शेवटपर्यंत ओढला आणि मुकाट परत केला.

पाल्याचा कस केव्हाच धुऊन गेला होता. नुसतं कोमट पाणी होतं.