थंड हातांची बाई

साखरेच्या नवरीच्या गालावर नलिनीचं बोट तिसऱ्यांदा उमटलं. तिने ते मुंडकं मुरगाळून गोळ्यात मिसळलं आणि पुन्हा वळायला घेतलं.

"ताई, एसी अजून वाढवू?" शेजारच्या टेबलावरून सपनाने विचारलं.

"नको गं. माझ्यापायी तुम्ही सगळ्या कुडकुडताय."

कांजूरमार्गच्या त्या गाळ्यात नलिनी परब एकोणीस वर्षं केकवरच्या बाहुल्या करत होती. नवरा-नवरी, बारशाची बाळं, रिटायर होणारे साहेब आणि त्यांचे चष्मे. फॉन्डंट म्हणजे पिठीसाखरेचा घट्ट गोळा. तो कणकेसारखा लाटता येतो, मातीसारखा वळता येतो, फक्त त्याला ऊब सोसत नाही. कामावर घेताना अनुपमा मॅडमनी तिचा हात हातात घेतला होता आणि म्हणाल्या होत्या, "काय थंड हात आहेत गं तुझे. तू शिकशील." याच हातांवरून सासूने 'अंगात रक्त नाही' म्हणून तिला जन्मभर हिणवलं होतं. याच हातांनी मुलीला इंजिनिअर केलं, हे बघायला सासू राहिली नाही, एवढीच काय ती चुटपुट.

वर्षभरापूर्वी पाळी थांबली आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. दिवसातून आठ-दहा वेळा छातीत आग उठायची आणि तळहातांपर्यंत पोचायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वयात होतं. दोन वर्षं, नाहीतर पाच." नवरा गुणाजी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "मगे घरात बस गो. कोणाचा काय अडलाहा?"

अडलं तिचंच होतं. घरात बसली असती तर ती चारचौघींसारखी एक पन्नाशीची बाई झाली असती, आणि त्याची तिला खरोखर भीती वाटत होती.

आजचा केक मालाडच्या एका जोडप्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा होता. बाहुल्या खरं तर आदल्या दिवशी करून वाळत ठेवायच्या असतात. नवरा नीट वाळला होता, पण कालच्या नवरीची मान रात्रीत खाली गेली होती. पाचला गाडी निघणार होती. साडेतीनला नवी नवरी एकदाची उभी राहिली, पण ओलीच होती, आणि मान परत कलायला लागली होती.

"झालं का, ताई?" रुचिरा दारातून म्हणाली. ती अनुपमा मॅडमची मुलगी. आता धंदा तीच बघायची. "गेल्या महिन्यात दोनदा सपनाला निस्तरावं लागलं. या वेळी नको ना."

"झालंच, मॅडम."

रुचिराची पाठ वळल्यावर नलिनीने नवरी उचलली आणि फ्रिजमध्ये ठेवली.

दर नव्या मुलीला पहिल्या दिवशी तीच बजावायची, की फॉन्डंट कधी फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. आत दगडासारखा होतो, पण बाहेर काढला की आपल्या हवेत त्याला घाम फुटतो आणि रंग सुटतो. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच. तासाभराने नवरी बाहेर आली ती ताठ मानेने. नलिनीने तिला केकवर बसवलं आणि खोका राजेश ड्रायव्हरच्या हातात दिला. तेव्हा तिला देवाची आठवण झाली, पण उशीरच झाला होता.

सात वाजता रुचिरा मोबाइल घेऊन आत आली आणि तो टेबलावर ठेवला. फोटोत नवरीच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर ओघळलं होतं. शालूचा लाल रंग उतरून नवऱ्याच्या पांढऱ्या बुटांपर्यंत गेला होता.

"त्या बाई रडल्या," रुचिरा म्हणाली. "आजच्या दिवशी हे बघावं लागलं म्हणून. फ्रिजमध्ये कोणी ठेवलं?"

सगळ्यांनी बघितलं होतं.

"मॅडम, ते मी..." सपनाने सुरुवात केली.

"गप गं," नलिनी म्हणाली. "मी ठेवलं. माहीत असून ठेवलं."

रुचिराच्या सहाव्या वाढदिवसाची परी नलिनीनेच केली होती. रुचिरा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता मोबाइल उचलला.

"उद्यापासून बाहुल्या सपना करेल. तुम्ही तिला शिकवा, मग पॅकिंगला बसा. पगार तोच राहील, ताई."

पगार तोच, हे ऐकून नलिनीला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सपना नलिनीच्या खुर्चीत बसली. आधी खुर्ची हाताने पुसली, मग बसली. पहिलीच बाहुली एका आजोबांची होती. डोकं गोल झालं, कान बसले, नाकाशी येऊन गाडी अडली. दोनदा नाक चपटं झालं.

"नाही जमत यार. ताई, हात धरून दाखवा ना एकदा."

नलिनीचा हात पुढे गेला. सपनाची बोटं कोरडी, गार होती, हे तिला हात न लावताही दिसत होतं. छातीतून वाफ वर येत होती. तिने हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी बांधले.

"चिमटीत धर," ती म्हणाली. "दाबू नकोस. नुसतं वर ओढ."

"असं?"

"अजून हलकं. घाई करू नकोस. ते आपोआप येतं."

सपना खाली वाकली. नलिनी तशीच हात बांधून तिच्या मागे उभी राहिली आणि तिला एकेक सांगत गेली.