सुकलालने वाजवून घेतलेला फ्लायव्हील

मित्रांनो, मी एक जुना फ्लायव्हील आहे. आता माझे तीन तुकडे आहेत, पण बोलणारा मी एकच. इंजिनाच्या मागे बसणारं बिडाचं जड चाक म्हणजे मी. इंजिनाचे झटके गिळायचे आणि गाडी मऊ चालू द्यायची, एवढंच माझं काम.

पांडेसऱ्यातून कापडाचे तागे वाहणाऱ्या टेंपोत माझी आठ वर्षं गेली. भरलेली गाडी चढावर उचलली की लोक इंजिनाचं कौतुक करायचे. माझं नाव कोण घेणार! आमच्या ड्रायव्हरचा पाय मात्र सदा क्लचवर. क्लचची चकती माझ्यावर घासत राहायची आणि मी तापून निळा पडायचो. बोल्टच्या भोकापाशी केसाएवढी चीर पडली. दुखलं का? आठवत नाही. पुढे टेंपो मोडीत निघाला आणि इतर भंगारासोबत, न वाजवताच, मी उधन्यात सुकलालच्या गॅरेजात येऊन पडलो.

सुकलाल मूळचा धुळ्याकडचा. बारा वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून त्या खडखडाटात त्याचे कान गेले होते, पण त्याने ते कुणाला कळू दिलं नाही. माणूस बोलायला लागला की हा त्याचे ओठ पाहायचा. आता जुनं बीड घेता-देताना ते लटकवून पान्याने वाजवतात. टणटणीत वाजलं तर धड, बद वाजलं तर तडकलेलं. सुकलाल वाजवायचा आणि त्याची बायको मंगलाबाई उंबऱ्यात बसून हळूच मान हलवायची, हो किंवा नाही. गिऱ्हाइकाला पत्ताही नसायचा.

सत्त्याण्णव साली निंबा नावाचं गिऱ्हाईक आपली जीप घेऊन आलं. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचं होतं, गिअरबॉक्स जुनाच ठेवून. इंजिनासोबत फ्लायव्हील आला नव्हता. गॅरेजात जुळणारे दोन होते, एक हलका आणि एक मी. नवागामहून नवापूरला सवाऱ्या न्यायच्या, त्यावर निंबाच्या घरातली पाच माणसं जगणार होती.

"जडच घे," सुकलाल म्हणाला. "भरलेली गाडी उचलताना बंद पडायची नाही."

विचार बरोबर होता. पण त्या दिवशी मंगलाबाई भाचीच्या लग्नाला गावी गेली होती.

त्याने मला तारेला लटकवून वाजवलं. मी बद वाजलो, मित्रांनो. शेजारचे लूम खडखडत होते, त्यात निंबालाही काही कळलं नाही.

"बरोबर शे ना, सुकलालभाऊ?"

सुकलालने ओठ वाचले. "एकदम खणखणीत!"

दोन दिवसांत मंगलाबाई परत येणार होती. थांबता आलं असतं. लाजेपायी तो थांबला नाही.

वीस दिवसांनी सोनगडच्या पुढे चढावर मी फुटलो. एक तुकडा पत्रा फाडून निंबाच्या उजव्या पायात घुसला. मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही, आणि त्याचीच कधी कधी भीती वाटते.

महिन्याभराने निंबा कुबडी टेकत गॅरेजात आला. सुकलाल पाठमोरा बसून, मोडक्या जीपसोबत परत आलेले माझे तुकडे गोणीत भरत होता.

"सुकलालभाऊ," निंबाने हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तो ओरडला. सुकलाल आपला गोणी भरतच राहिला.

मंगलाबाई दारात आली. "त्यासले ऐकू येत नाही, भाऊ," ती म्हणाली. निंबाने गोणीतल्या माझ्या तुकड्यांकडे पाहिलं.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच म्हणेन, ऐकू येत नसेल, दिसत नसेल, तर सांगून टाका. माझ्यात चीर होती, पण मला बोलता येत नव्हतं. सुकलालला येत होतं.