दीड मिलिमीटरचा सांधा

तुकडा पहिला

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका गृहस्थाच्या घरात तीन खोल्या होत्या आणि त्यांतली एक रेल्वेची होती. खेळण्यातली म्हणू नका, त्याला राग यायचा. दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज. त्यावर रूळ, दोन फलाट, कवळीच्या साच्याला लागतं त्याच प्लास्टरचा डोंगर आणि डोंगरातून आरपार बोगदा. अकरा वर्षांचं काम. कामावरचे सोबती त्याला मास्तर म्हणत, स्टेशनमास्तरमधला. बायको काही म्हणत नसे. त्या खोलीचं दार तेवढं पायाने लोटून बंद करी.

मग सासरे घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं.

"बाबा रविवारी दुपारी येताहेत," बायको म्हणाली. "त्यांना ती खोली लागेल."

"लागेलच." यात वाद घालण्याइतका मास्तर खुळा नव्हता. "रेल्वे गच्चीवरच्या खोलीत नेतो."

"तिथे माझे कपडे वाळतात."

"अर्धी खोली दे."

"देते. पण रविवारी वर चालली पाहिजे. न अडखळता तीन फेऱ्या. नाही चालली तर सोमवारी भंगारवाला. मला वर उकिरडा नको."

"कबूल."

कबूल करणं सोपं. मेज दारातून जाईना, आडवं धरा नाहीतर उभं. ते खोलीतच ठोकलेलं, आणि कधीतरी बाहेर काढावं लागेल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटी मास्तरने मेजावर पेन्सिलने मोठं अधिक चिन्ह काढलं आणि करवत

तुकडा दुसरा

उचलली नाही. आधी रूळ. नुसते कापले तर त्यांची टोकं हलतात आणि पुन्हा म्हणून जुळत नाहीत. म्हणून कापाच्या दोन्ही अंगांना पितळी स्क्रू पिळायचे, रूळ त्यांच्या डोक्यांना कथलाचा डाग देऊन पक्के करायचे आणि मगच कापायचे. चारही ठिकाणी त्याने हे केलं, कामावरची पातळ चकती आणून रूळ कापले आणि मग लाकडाला करवत लावली. डोंगर चिरताना त्याने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर करवत वाकडी गेली असती.

शनिवारी शेजारच्या सुताराच्या मदतीने चारही तुकडे वर गेले. जोडले, आवळले, इंजिन सोडलं. पहिल्याच सांध्यावर ते कुशीवर पडलं. दुसऱ्यावरही. चौथ्यापर्यंत बघायची गरजच उरली नाही.

चकतीने रुळाचा अर्धा मिलिमीटर खाल्ला होता, करवतीने लाकडाचे दोन. लाकूड आखूड झालं, रूळ लांब राहिले, आणि त्यांची टोकं एकमेकांच्या उरावर बसत होती. लोकांच्या जबड्यात केसाचाही फरक राहू न देणाऱ्या माणसाला हे

तुकडा तिसरा

आधी कळू नये!

"करवत आपला घास घेते," सुतार म्हणाला. "मला विचारायचं होतंस. आता कानस मार रुळांना."

"डाग सुटतील. रुळाला हात लावायचा नाही. लाकडाचं गेलंय, ते लाकडाला परत द्यायचं."

"दीड मिलिमीटरची फळी? माझ्या आज्यानेसुद्धा रंधली नसती!"

"फळी नको."

रविवारी उजाडताच त्याने मालकाला उठवून कामाची जागा उघडायला लावली. कवळीच्या हिरडीचं गुलाबी मिश्रण कालवून त्याने चार लांब पट्ट्या ओतल्या आणि शिजवल्या, मग घासत बसला. मापून घासायचा, पुन्हा मापायचा.

"हिरड्या कुणाच्या?" मालकाने जांभई दिली.

"रेल्वेच्या."

"दात आलेत का तिला?"

"पडले होते," मास्तर मान वर न करता म्हणाला.

दुपारी पट्ट्या फटींत बसल्या. बायको कपड्यांची बादली घेऊन दारात उभी राहिली. गाडीने एक फेरी मारली. दुसरी मारली. तेवढ्यात खाली भोंगा वाजला आणि

तुकडा चौथा

मास्तरने बटण फिरवून गाडी थांबवली. सासरे वाट बघणार नव्हते, आणि त्यांना उचलणारा घरात दुसरा कुणी नव्हता.

"जावईबापू, हळू! मी काही तुमचा डबा नाही!"

"डबा असतात तर कडी लावून ओढला असता, बाबा. खांदा धरा."

त्यांना पलंगावर बसवलं, पायाखाली उशी दिली. सासऱ्यांनी प्लास्टरने पांढरी झालेली फरशी पाहिली. "कुणाला हाकललंत माझ्यासाठी?"

"कुणाला नाही. वर बढती झाली."

दारात बायको हळूच म्हणाली, "झाल्या ना तीन फेऱ्या?"

"दोन."

"मी तीन धरते."

"तू धरशील. मी धरणार नाही. चल वर."

वर पुन्हा बटण. पहिला सांधा गेला. दुसरा गेला. इंजिन बोगद्यात शिरलं, तिसरा सांधा आत होता, दिसत नव्हता. दोघंही कान देऊन उभे राहिले. ते बाहेर आलं. चौथ्यावर शेवटचा डबा डुलला, एक चाक हवेत उचललं गेलं, आणि टक् करून रुळावर बसलं.

"अडखळली," मास्तर म्हणाला.

"डुलली," बायको म्हणाली. "अडखळणं वेगळं. मी बाबांना आत्ताच चालताना पाहिलंय."

त्याने बटण सोडलं नाही. "आणखी एक फेरी."

"मारा." तिने बादलीतली चादर झटकली. "आणि ती खिडकीतली तार पलीकडे बांधा. डोंगरावर पाणी ठिबकेल."