अर्धा पिवळा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. लोक मला पिवळा म्हणतात, पण खरं सांगू? मी अर्धाच पिवळा आहे!

सुताराने मला घडवलं आणि उंच पायऱ्यांच्या माथ्यावर, इस्त्रीच्या दुकानापुढे ठेवलं. कपडे न्यायला आलेली गिऱ्हाईकं माझ्यावर बसून जांभया देत, गप्पा झोडत. माझं कौतुक करायला कोणाला वेळ होता?

मग मालिकावाले आले. त्यांनी मला पिवळा रंग दिला, तोही कॅमेऱ्याला दिसेल तेवढ्याच बाजूला. पाठ मळकी ती मळकीच! नायिका माझ्यावर बसून नायकाची वाट बघत ढसाढसा रडली आणि माझं नशीब फळफळलं. गाड्या भरभरून माणसं येऊ लागली. मागच्या गल्लीतून येणारे तर माझ्याच पाठीशी उभे राहून इस्त्रीवाल्या काकांना विचारत, "पिवळा बाक कुठे हो?"

काका म्हणत, "पुढून या! मागून तो अजून आमचाच आहे."

रांगेतला एकेक जण बसे, मान कलती करून रडका चेहरा करी आणि फोटो निघाला की खो-खो हसत उठे. मला भारी मजा यायची. कोणी किल्लीने नाव कोरलं, की मात्र जीव कळवळायचा.

एकदा एक आजी नातीबरोबर आल्या. दोघींनी मालिकेचा एकही भाग चुकवला नव्हता. पण चार पायऱ्या चढून आजी मटकन बसल्या. गुडघे ऐकेनात. तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला.

"आजी, एवढ्या लांब येऊन तसंच जायचं?" नात रडवेली झाली.

"अगं, दिसतो की इथून," आजी म्हणाल्या, पण त्यांचाही चेहरा पडला होता.

काकांनी इस्त्री बाजूला ठेवली. "आजींना वर येववत नाही ना? मग हा जाईल खाली. धरा रे एकेक पाय!"

अहो, रांगेने मला चक्क उचललं! जन्मात पहिल्यांदाच मी फिरायला निघालो. "जपून हो, हीरो आहे तो!" कोणीतरी ओरडलं. हॉर्न वाजवणारा ड्रायव्हरही हात लावायला धावला.

पायथ्याशी मला टेकवलं आणि आजी चार पायऱ्या उतरून माझ्यावर ऐटीत बसल्या. "आता रड ना गं तिच्यासारखी!" नात म्हणाली.

"छे! तिच्यासाठी कोणी आलं नाही म्हणून ती रडली. माझ्यासाठी बघ, अख्खी रांग खाली उतरली!"

"राहू दे आता त्याला इथेच," काका म्हणाले. "माझी गिऱ्हाईकं बसतील पायरीवर."

तेव्हापासून मी पायथ्याशी आहे. फोटोत मागे दुकान येत नाही म्हणून काही पाहुणे कुरकुरतात, पण बूड टेकलं की गप्प होतात. मित्रांनो, तुम्हीही या. नावं तेवढी कोरू नका, फोटो खुशाल काढा. आणि कोणी दमून आलेलं दिसलं, तर तुमचा फोटो थांबू दे, आधी त्यांना बसू द्या.