वादळ आलं की कपडे वर

खाली आमची लाँड्री आणि वर घर. वादळाचा भोंगा वाजला की आमच्याकडे एकच नियम: लोकांचे कपडे आधी वर, मग माणसं, आणि मग वेळ उरला तर आपलं सामान. खाली पाणी शिरतं म्हणून सासऱ्यांनी हा नियम घातला आणि आजवर कुणाची तो मोडायची टाप नव्हती. सासरे खाली गठ्ठे बांधतात, ते गठ्ठे मी आणि हे जिन्यानं वर नेतो.

तर मागच्या वादळात खाली पाणी आलंच नाही. वाऱ्यानं वरचे पत्रे नेले.

वर खोल्या दोनच. पुढची स्लॅबची, ती आमच्या पलंगानं आणि कपाटानं भरलेली. म्हणून गठ्ठे मागं स्वयंपाकघरात रचले होते, पत्र्याखाली. एका मुलीचा लग्नाचा शालू, बँडवाल्यांचे कोट, दवाखान्याच्या चादरी, सगळ्याचा लगदा झाला. गंजाचे डाग असे बसले की आमच्या कुठल्याही पावडरीला ते दाद देईनात. आणि खाली दुकान कोरडं ठणठणीत. दुकानाचा विमा होता, बरं का. कंपनी म्हणाली, विमा दुकानातल्या मालाचा आहे आणि माल तर घरात होता. घराचा विमा आहे का? नव्हता. असता तरी त्यात परक्याचे कपडे बसले नसते म्हणे. तेलही गेलं, तूपही गेलं. धुपाटणं तेवढं आमच्या हातात राहिलं, कारण लोकांची भरपाई करायला मोठं मशीन विकावं लागलं.

तेव्हापासून ह्यांनी हाय खाल्ली. शहरातल्या थोरल्या भावानं त्यांना आपल्या गोदामावर कामाला बोलावलं होतं. हे म्हणायचे, "दुकान बंद करू. पुढच्या वादळातून आपण उठत नाही." त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही, पण माझं डोकं फिरायचं. लग्न होऊन आल्यापासून या इस्त्रीच्या वाफेत माझी हाडं शेकली, ती काय दिराच्या दारात हजेरी लावायला? भांडून भांडून शेवटी एवढं ठरलं: वादळाचे महिने लागायच्या आत विम्याचं नीट जमलं तर राहायचं. नाही जमलं तर कुलूप.

विमा एजंट म्हणजे ह्यांचा मामेभाऊ. अख्ख्या गावात त्याला हप्तेभाऊ म्हणतात आणि तोही या नावाला ओ देतो. माणूस वाईट नाही, फक्त हसतो फार. त्यानं काउंटरवर दोन माहितीपत्रकं पसरली.

"हा घराचा, हा दुकानाचा. दोन्ही घ्या, वहिनी, आणि निवांत झोपा."

"झोपेचं नंतर बघू, भावजी. वादळात दुकानातले कपडे आम्ही वर नेले. ते यातल्या कुठल्या विम्यात?"

त्यानं कान खाजवला. "दुकानाचा दुकानापुरता. घराचा घरच्या सामानाचा."

"म्हणजे गठ्ठा घेऊन पहिली पायरी चढले की कपडे बेवारशी."

"तसं नाही हो. मी काय म्हणतो, वरच नेऊ नका. गिऱ्हाइकांच्या मालाचं कलम जोडून देतो. खाली भिजले तर कंपनी भरून देईल."

सासऱ्यांनी इस्त्री स्टँडवर ठेवली. एरवी ते कामात असताना बोलत नाहीत.

"म्हणजे पाणी येताना बघत उभं राहायचं?"

"काका, पैसे मिळतील ना."

"उद्या लग्न आणि आज शालू भिजला, तर ती पोरगी काय तुझ्या कंपनीचा चेक नेसेल?"

हप्तेभाऊ पहिल्यांदाच हसायचा थांबला. हे मात्र लगेच म्हणाले, "बघ. मी म्हणतच होतो. आपल्यासारख्यांचं कशातच बसत नाही."

"तुम्ही जरा गप्प बसा," मी म्हटलं. मग हप्तेभाऊकडे वळले. "आमचा नियम मोडणार नाही. तुमचा विमाच वर चढवा."

"तो कसा चढेल?"

"ते कंपनीला विचारा. इथंच बसून विचारा." आणि मी दारात स्टूल टाकून बसले. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे मला माहेरी शिकवलंय.

बिचाऱ्यानं फोन लावला. तिथल्यानं दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्यानं मोठ्या साहेबाकडे. माझं बटणं लावायचं काम तोवर संपत आलं. अखेर त्यानं फोनवर हात ठेवून सांगितलं, "होईल म्हणतात. वरची एक खोली दुकानाचं गोदाम म्हणून विम्यात दाखवायची. पण स्लॅबची हवी, पत्र्याची नाही. दाराला कुलूप पाहिजे. आत फक्त माल, राहतं माणूस नको. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा माणूस बघून जाईल. उरलेल्या घराचा विमा वेगळा, पत्र्यांसकट."

स्लॅबची खोली एकच होती, आमची. त्या खोलीच्या खिडकीतून अख्खी गल्ली दिसते. दिवसभराच्या वाफेतून सुटून मी एकटी बसू शकेन अशी घरात तेवढीच जागा. मला रडू यायला लागलं होतं, पण हप्तेभाऊसमोर रडायची माझी इच्छा नव्हती.

"दाखवा गोदाम," मी म्हटलं.

हे उठलेच. "आणि आपण पत्र्याखाली? कपडे स्लॅबखाली आणि माणसं पत्र्याखाली?"

"वादळात कपड्यांजवळ जाऊन उभं राहू. ते काही राहणं नव्हे." मी हप्तेभाऊला म्हटलं, "विचारा."

त्यानं विचारलं. वादळापुरतं उभं राहिलेलं चालतं म्हणाले.

हे चपला घालून निघून गेले. त्यानंतर दोन दिवस आमच्यात कामापुरतंही बोलणं नव्हतं. हे फोन घेऊन बाहेर जायचे आणि मला वाटायचं, झालं, भावाला होकार दिला. मीही हट्टाला पेटले होते. ठरवलं, गुरुवारी दुपारी पलंग मी एकटी खोलेन. खिळे गंजलेले असू देत.

गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात चादरी पोचवायला गेले. परत येते तो दुकानापाशी अनोळखी स्कूटर. कंपनीचा माणूस सकाळीच आला होता. वर पलंग तसाच, गाद्या तशाच, आणि हे असे रुसलेले. त्यानं एक नजर टाकली की संपलं सगळं. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

स्वयंपाकघरात कपाट आणून ठेवलं होतं आणि भिंतीला पलंगाच्या फळ्या टेकवलेल्या होत्या. पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी पाइप ठोकलेले, आणि त्यांवर कोट, शर्ट, पडदे ओळीनं लटकत होते. ह्यांच्या हातात नवं कुलूप होतं आणि बोटाला चिंधी बांधलेली. सासरे दारात अगदी निष्पाप चेहऱ्यानं उभे होते. म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं.

कंपनीचा माणूस भिंतीकडे बघत होता. पलंगाची उशाकडची फळी घासून तिथं रंग उडाला होता.

"इथं कोण राहतं?" त्यानं विचारलं.

"लोकांचे कपडे," हे म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"आम्ही मागं. वादळ आलं की यांच्याकडे पाहुणे."

त्यानं स्लॅब बघितला, कुलूप लावून बघितलं आणि हप्तेभाऊला कळवतो म्हणून गेला. संध्याकाळी हप्तेभाऊ हसतच आला. दोन्ही विमे मंजूर झाले होते.

तो गेल्यावर मी ह्यांच्या बोटाची चिंधी सोडून नीट बांधली. बांधता बांधता विचारलं, "थोरल्या भावजींना काय सांगितलंत?"

"सांगितलं, येणं जमणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "म्हटलं, तूच ये चार दिवस. फक्त जागेची अडचण आहे. चांगल्या खोलीत गिऱ्हाईक झोपतं."