आन सुटेपर्यंत

मी एक जुना हेडफोन आहे. हसू नका, मित्रांनो. माझ्या एका कानाची गादी सोलून निघाली आहे, वायरीला दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी आहे आणि माझा माइक मान टाकलेल्या सूर्यफुलासारखा झुकतो, हे मलाही ठाऊक आहे. पण मी जे ऐकले ते ऐकायला नशीब लागते. लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारपेठेत, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत बसून मी बर्फाची वादळे ऐकली, अस्वलाचा श्वास ऐकला, बुडत्या जहाजाच्या फळ्या करकरताना ऐकल्या. खाली गिऱ्हाईक पाइपचे माप सांगत असायचे आणि वर लांडगे ओरडत असायचे. माझ्या दोन वाट्यांत एवढे जग कसे मावते, याचे मला अजूनही नवल वाटते.

माझा जन्म कुठल्या गावच्या कारखान्यात झाला, ते सांगता येत नाही. डोळे नसलेल्याने पाटी कशी वाचावी? यंत्रांची घरघर आठवते, मग खोक्यातली शांतता, मग ट्रकची धडधड. आणि एके दिवशी लातूरच्या एका दुकानात कुणीतरी खोके फोडून मला एका मुलीच्या डोक्यावर चढवले.

"पप्पा, ह्याच्यात लई भारी आवाज येतोय," ती म्हणाली.

"अभ्यासाचं ऐकू येतंय का, ते बघ आधी," वडील म्हणाले.

ती अंजू आणि ते संगमेश्वरअप्पा, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. अभ्यासाचेही ऐकू आले, नाही असे नाही. बारावीला अंजू लातूरला खोली घेऊन राहिली, तेव्हा मी तिच्यासोबत क्लासची सगळी व्याख्याने ऐकली. खोलीत जोडीला अर्धापूरची सुकन्या होती, केळीबागवाल्यांची मुलगी. हेडफोन एक आणि मैत्रिणी दोन. मग मला उलटे पिळून एक कान हिला, एक कान तिला. माझी दांडी तेव्हाच सैल झाली, पण खरे सांगतो, ते दिवस मला फार आवडले.

बारावी संपली. अंजू मुरुडला परतली, सुकन्या अर्धापूरला. मधली सगळी वाट आता माझ्या वायरीतून जाऊ लागली. दर रविवारी दुपारची जेवणे आटोपली की खेळ सुरू व्हायचा. तिसरा गडी म्हणजे शिरूर अनंतपाळचा मन्मथ, अंजूचा मावसभाऊ. कधी जीव तगवायचे खेळ असत, म्हणजे भूक, थंडी, जंगल यांतून वाचायचे. कधी गद्दार ओळखायचे. त्यात खेळगड्यांपैकी एक जण गुपचूप शत्रू असतो आणि बाकीच्यांनी नुसते बोलून बोलून त्याला हुडकायचे असते.

पण खेळापेक्षा मला आवडायच्या त्या खेळानंतरच्या गप्पा. पुढे कसले कसले खेळ येतील, यावर अंजू बोलायला लागली की मी थक्क व्हायचो.

"बघ सुके, पुढच्या गेमला आपला आवाज कळंल," ती म्हणायची. "थंडीनं गारठलीस की तुझा आवाज बारीक होईल. अन् गद्दार नेमायची गरजच न्हाई पडणार. खायला कमी ठिवायचं. गद्दार आपोआप तयार हुतंय."

"सगळेच कशाला होतील?" सुकन्या म्हणायची. "काही माणसं अर्ध्यातलं अर्धं देतात. तू लोकायला लईच वाईट समजून राहिलीस."

जो खेळ अजून कुणी बनवलाही नाही, त्याच्यासाठी या दोघी तासन्‌तास भांडत. माणसाचे मन अजून नसलेल्या गोष्टीतही घर बांधते आणि त्यात राहायलाही जाते! आम्हा वस्तूंना हे कधी जमायचे नाही.

अशाच एका रविवारी घात झाला. गद्दाराचा खेळ ऐन रंगात आला होता. संशय सुकन्यावर होता आणि अंजूचे एक मत तिला वाचवू शकत होते. सुकन्या पटकन बोलून गेली, "अंजू, तुझी आन! मी न्हाई."

अंजूने विश्वास ठेवला आणि हरली. गद्दार सुकन्याच होती.

तुम्ही म्हणाल, खेळातले खोटे ते, त्याचे काय एवढे? पण आमच्याकडे आन, म्हणजे शपथ, ही खेळण्याची गोष्ट नाही. खोटी आन घेतली की ती ज्याच्या नावाने घेतली त्याला बाधते, असे मानतात. त्याने तोंडाने 'सुटली' म्हटले की मगच ती सुटते. अंजू काही 'सुटली' म्हणाली नाही. रागाने तिने मला टेबलावर आपटले. तिच्या आई पार्वतम्मा दारातच उभ्या होत्या.

"काय गं, त्या पोरीनं तुझी आन घेतली? अन् ती बी खोटी?" एवढेच त्या म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजाने खोली गार पडली.

आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात कॉलेजातून येताना अंजूची स्कूटी खड्ड्यात गेली आणि उजवा हात मोडला. पार्वतम्मांनी कपाळाला हात लावला. मन्मथने ही बातमी अर्धापूरला पोचवली. त्या दिवसापासून सुकन्याचा आवाज बंद झाला.

"ती म्हणती, माझ्यामुळं झालं," हात बघायला आलेल्या मन्मथने सांगितले. "जेवंना म्हणे. तू एक फोन कर की."

"येडी हाय का ती? खड्ड्यामुळं पडले मी," अंजू म्हणाली. "पर फोन म्या का करू? खोटं कुणी बोललं?"

एकीला भीती आणि दुसरीला मान. मी खिळ्याला टांगलेला. माझ्यावर सिमेंटची धूळ बसत गेली. आन बाधते की नाही, ते मला ठाऊक नाही. अबोला मात्र बाधतो. अंजू पुढच्या खेळांचे बोलेनाशी झाली होती.

एके दिवशी मन्मथ शिरूरहून एसटीने धावतपळत आला. हैदराबादच्या काही मुलांनी नवा खेळ बनवला होता आणि तो बाजारात यायच्या आधी काही जणांना एकाच रविवारी खेळून बघायला मिळणार होता. भांडणाआधी तिघांनी मिळून नावे दिली होती. ती लागली होती. एक जण जरी आला नसता तरी तिघांचाही खेळ रद्द झाला असता. म्हणून सुकन्या आली. आली, पण बोलली नाही.

खेळ सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे कातडी असती तर आला असता. अंजू वर्षभर जे बोलत होती तेच समोर उभे होते! गद्दार कुणी नेमलेला नव्हता. बर्फ अफाट, लाकूड थोडे. गारठत गेलात की आवाज बारीक होणार. पुरते गोठलात की खेळात ना काही बोलता येणार, ना ऐकू येणार. वारा असा घोंगावत होता की बाहेरच्या उन्हातही मला थंडी वाजली.

मन्मथला पहिल्याच वादळात लांडग्यांनी संपवले. तो नेहमी असाच खेळतो. उरल्या दोघी.

अंजूचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. डाव्या हाताने कळा दाबून खेळात चालता येत होते, पण कुऱ्हाड चालवायला माउस लागतो, तो कसा धरणार? तिची शेकोटी विझत आली.

तेवढ्यात माझ्या डाव्या कानात बर्फ करकरला. कुणाची तरी पावले. धप्‌. लाकडे पडली. पावले परत गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली. पुन्हा धप्‌.

"सुके," अंजू म्हणाली. खूप दिवसांनी तिने हे नाव घेतले. "तुझी शेकोटी पेटलीय ना?"

"पेटली की," सुकन्या म्हणाली.

पण तो आवाज बारीक होता, विहिरीच्या तळातून यावा तसा. तिने स्वतःसाठी एक काटकीही ठेवली नव्हती. अंजूच्या छातीतला ठोका मला वायरीतून जाणवला.

"खोटं बोलतीस! माझ्याजवळ ये. आगीपाशी ये लवकर."

"दोघींना पुरत न्हाई ती." आवाज आणखी विरला. "अंजू... हात लई दुखून राहिला का गं? ...सुटली म्हण ना. एकदाच."

"सुटली! सुके, सुटली!" अंजू ओरडली.

उत्तर आले नाही. माझ्या दोन्ही कानांत फक्त वारा होता. सुकन्या गोठली होती, आणि गोठलेल्याला खेळातले काही ऐकू येत नाही. तिला हवा असलेला तो एक शब्द माझ्यातून निघाला आणि कुठेच पोचला नाही.

अंजूने मला डोक्यावरून ओरबाडून काढले आणि भिरकावले. मी टेबलाच्या कडेला उलटा लोंबकळत राहिलो. तिने डाव्या हाताने फोन उचलला.

"सुके, सुटली गं. कवाच सुटली. आधी जेव तू. रडू नको बाई, मी बी रडायलीय इथं." मग दार ढकलून पार्वतम्मा आत आल्या, फोन त्यांनी घेतला आणि म्हणाल्या, "लेकी, ये इकडं. धपाटे करते तुज्यासाठी."

पलीकडून सुकन्या काय म्हणाली, ते मला कधीच कळले नाही. ते बोलणे माझ्यातून गेले नाही. वादळे ऐकली, अस्वले ऐकली, पण या खोलीतले हे दोघींचे रडणे-हसणे ऐकून मी जो अवाक झालो, तो आजतागायत.

मित्रांनो, आम्हाला जपा. वायर बोटाभोवती आवळून गुंडाळू नका, गादीचा घाम पुसा. पण कुणाचा जीव तुमच्या एका शब्दावर अडकला असेल, तर मला काढून खुशाल फेका आणि आधी त्याला हाक मारा.