पानांवरचा चुना

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मोजणीचं ड्रोन खाणवस्तीवरून वर गेलं.

खाली कार्तिकाचं कोवळं ऊन. ऊन पत्र्यांवर, ऊन पायवाटांवर, ऊन बंद दगडखाणीत साचलेल्या निळ्याशार पाण्यावर. आणि घराघराभोवती चुन्याच्या शुभ्र रेषा. जे घर वरून दिसेल ते नकाशात येईल. जे नकाशात येईल त्यालाच मालकीचा कागद मिळेल. आदल्या दिवशी मोजणीवाल्यांनी दारोदार हेच सांगितलं होतं.

नागव्वा विटकरनेही रेषा ओढली होती. पण तिची रेषा, तिच्या भिंती, तिचं छप्पर, सारं करंजाखाली. हिरवागर्द, घनपर्ण, आभाळ झाकून टाकणारा करंज. याच सावलीत दगड फोडता फोडता तिला कळा आल्या, थोरली लेक झाली. झाड आधीचं, भिंती मागाहून आल्या.

"काकू, फांद्या उतरवा," शेजारचा शिवराम सोमवारी म्हणाला होता. "झाड काय, परत वाढंल."

"तुझं छप्पर उतरव आधी. तेही परत बसंल."

मंगळवारी पहाटे ती झाडावर चढली. कमरेला चुन्याची पिशवी, साठी उलटलेलं अंग, चाळीस वर्षं घण पेललेले दंड. मूठ मूठ चुना तिने शेंड्यावर उधळला. पान पान पांढरं झालं. उजाडलं तेव्हा वस्तीच्या मधोमध एक शुभ्रशिखर वृक्ष उभा होता, अवेळी मोहरल्यासारखा.

"काकू, झाडाला पावडर लावलीय! लगीन कधी?" कुणीतरी ओरडलं.

वस्ती हसली. तीही हसली.

मोजणीवाल्या बाईंनी ड्रोनचं चित्र दाखवणारा पडदा तिच्यापुढे धरला. त्यात शहर उलगडत गेलं: गिरणीची थंडगार चिमणी, तळ्याचा चकचकीत डोळा, कचेरीच्या काळ्या भिंती, पुलाच्या काळ्या कमानी. नागव्वाचं बोट त्यांवरून फिरलं, स्वतःच्या लेकरांच्या पाठीवरून फिरावं तसं.

"हा दगड आमचा. हा पण आमचाच." मग बोट निळ्या खड्ड्यावर आलं. "हितनंच गेला सगळा."

जेवढं शहर उभं, तेवढीच इथली भूमी पोकळ. वरून दोन्ही एकदम दिसत होतं.

"आन् माझं घर?"

पत्र्यांच्या दाटीत एक पांढरा, मऊ गोल. बाईंनी चित्र मोठं करून पाहिलं.

"मावशी, वरून दिसतं तेच आम्हाला काढावं लागतं."

पुढच्या सोमवारी कच्चा नकाशा समाजमंदिराच्या भिंतीवर लागला. घर दोनशे तेरा, घर दोनशे चौदा, आणि दोन्हींच्या मध्ये एक वर्तुळ. वर्तुळात लिहिलं होतं: झाड.

नागव्वाने हरकतीच्या अर्जावर अंगठा उठवला. शिवरामने साक्षीदार म्हणून खाली सही केली.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत सुनावणीची तारीख लागलेली नव्हती. करंज जागेवर होता. त्याच्याखाली चूल पेटली होती. धूर पानांतून वर जात होता, आणि पानांवरचा चुना अजून पांढरा होता.